रिकाम्या खुर्चीचे रामदासराव

'वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं आहे, तितक्या वेळा 'जेवलीस का' हेसुद्धा कोणी मला विचारलेलं नाही. ऐकवणारे एकच, रामदासराव ओव्हाळ. मूळचे खडकीचे, नोकरी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात, काम रंगांवरच्या संशोधनाचं. राहणं ऱ्हाइन नदीच्या काठी, मन मात्र कायमचं वेल्समध्ये. पीएचडी त्यांनी तिकडच्या बँगोरला केली. त्याला किती तरी वर्षं झाली, पण माणूस अजून परत आलेला नाही, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते रागावायचे नाहीत. ते फक्त इंग्लंड म्हटल्यावर रागावायचे.

मी विभावरी. नदीपलीकडे मानहाइमला राहते आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाची सचिव आहे. सचिव म्हणजे सगळ्यांचं ऐकून घेणारी आणि कोणाचंच काही न करू शकणारी बाई. रामदासरावांची खुर्ची माझ्या गळ्यात पडली ती त्यामुळेच.

वेल्समध्ये दरवर्षी एक मोठा मेळा भरतो. आयस्टेद्वोद त्याचं नाव. जत्रेइतकी गर्दी, आणि ती गर्दी कवितेला आणि गाण्याला. बँगोरच्या घरमालकीणबाई, मिसेस प्रिचर्ड, रामदासरावांना तिथे घेऊन गेल्या होत्या. स्पर्धेतल्या सर्वांत चांगल्या कवीला तिथे पैसे नाहीत, ढाल नाही, एक कोरीव लाकडी खुर्ची देतात. कविता टोपणनावाने पाठवायची. परीक्षकाला कवी कोण ते ठाऊक नसतं. तो मंचावरून निकाल वाचतो, टोपणनाव पुकारतो, कर्णे वाजतात, आणि हजारो लोकांतून एक माणूस उभा राहतो. त्याला खुर्चीपाशी आणतात. मग एक भली मोठी तलवार म्यानातून अर्धीच बाहेर काढून लोकांना तीनदा विचारतात, 'शांतता आहे का?' लोक तिन्ही वेळा 'शांतता!' म्हणून ओरडले तरच कवी खुर्चीवर बसतो. आणि एकही कविता त्या लायकीची नसेल, तर खुर्ची रिकामी ठेवून लोक घरी जातात. पहिल्या महायुद्धात एका वर्षी टोपणनाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, कोणी उठेना. कवी काही आठवड्यांपूर्वीच आघाडीवर मारला गेला होता. त्या खुर्चीवर काळं कापड घातलं. हे सांगताना रामदासरावांचा आवाज दर वेळी जड व्हायचा.

पण त्यांचा जीव जडला होता तो तलवारीवर नव्हे, टोपणनावावर. पुण्यात कॉलेजात असताना ते आंतरमहाविद्यालयीन काव्यस्पर्धांना जायचे. कविता म्हणून झाली की परीक्षक प्रेमाने विचारायचे, "ओव्हाळ म्हणजे कुठले हो तुम्ही?" उत्तर ऐकून त्याहून प्रेमाने मान हलवायचे आणि उत्तेजनार्थ बक्षीस द्यायचे. दर वेळी उत्तेजनार्थ. आमच्या मंडळात तसं काही नाही बरं का. आमच्याकडे जात कोणी विचारत नाही, फक्त आडनाव विचारतात. मग मेळ्यातल्या त्या मंडपात, जिथे परीक्षकाला कवीचं नावच माहीत नव्हतं, तिथे हा खडकीचा मुलगा का हरखून गेला असेल, हे मला पटतं. न पटणाऱ्या गोष्टी पुढे आहेत.

दोन हजार तेरा साली त्यांनी मंडळात काव्यस्पर्धा सुरू केली. नियम सगळे वेल्सचे. संध्याकाळच्या सुतारकामाच्या वर्गाला जाऊन खुर्ची स्वतः केली, पाठीवर वेल्सचा ड्रॅगन कोरला. तो पालीसारखा दिसतो असं सर्वांचं मत पडलं. तलवार आमच्या शिवजयंतीच्या नाटकातली, पत्र्याची. कविता माझ्याकडे यायच्या. मी त्या टाइप करून, खाली फक्त टोपणनाव ठेवून, रामदासरावांना द्यायची. कोण कोण आहे ते मला एकटीला माहीत, आणि ते कोणाला सांगायचं नाही.

पहिल्या वर्षी खुर्ची रिकामी. दुसऱ्या वर्षी रिकामी. तिसऱ्या वर्षीही रिकामी! आमचं मंडळ असं, की चित्रकलेच्या स्पर्धेत कागदावर पाणी सांडलेल्या मुलालाही क्रमांक मिळतो. तिथे मोठमोठे इंजिनियर कविता लिहून, इस्त्रीचे कुडते घालून बसलेले, आणि हे गृहस्थ माइकवरून सांगणार, "यंदाही कोणी पात्र नाही." मंडळाचे अध्यक्ष श्यामकांत गाड्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांचीही कविता त्यात असायची. ते मला म्हणाले, "अहो विभावरीताई, निदान उत्तेजनार्थ तरी द्यायला सांगा यांना." मी सांगितलं. रामदासरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो शब्द काढला नाही.

आता खरी गोष्ट. दर वर्षी 'उंबर' या नावाने एक कविता यायची. हा उंबर म्हणजे अरुणा, रामदासरावांची बायको.

अरुणा एका दंतवैद्याकडे रिसेप्शनवर आहे. आम्हा सगळ्यांपेक्षा तिचं जर्मन चांगलं. बोलणं कमी. पहिल्या वर्षी मी दाढ दाखवायला गेले, तेव्हा पुढच्या तारखेच्या चिठ्ठीबरोबर तिने घडी घातलेला कागद माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, "रामदासरावांना माहीत आहे?"

"त्यांना तर मुळीच सांगू नका," ती म्हणाली. "नियम त्यांचाच आहे ना."

त्या वर्षी रामदासरावांनी भर सभेत वाचलं, "'उंबर' यांची कविता घरगुती आहे. कवीने खिडकीबाहेर पाहावं." दुसऱ्या वर्षी, "'उंबर' यांनी खिडकीबाहेर पाहिलेलं दिसतं, पण पडदा न उघडता." लोक हसले. अरुणाही हसली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता, तो माझ्या हातात असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. तिसऱ्या वर्षी तर कहर केला. "'उंबर' यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नसावं, असं वाटतं." आणि घरी जाताना गाडीत बायकोलाच विचारलं, "हा उंबर म्हणजे श्यामकांतच असणार, काय वाटतं तुला?" हे मला अरुणानेच सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अगं, सांगून टाक त्यांना!"

"सांगितल्यावर दिलेली खुर्ची नको मला," ती म्हणाली. "ती उत्तेजनार्थच झाली की."

दोघंही एकाच मातीची. एकाला सांगावं तर तो ऐकत नाही, दुसरीला सांगावं तर ती ऐकून घेते आणि तेच करते जे करायचं असतं.

मग आलं दोन हजार सोळा. युरो कपात वेल्सचा संघ खेळत होता, म्हणजे रामदासरावांच्या घरी लग्नच. लाल शर्ट घालून ते कारखान्यात गेले. इंग्लंड आइसलंडकडून हरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जो तो यांच्या पाठीवर हात ठेवून सांत्वन करू लागला. "वाईट वाटलं हो तुमच्यासाठी." रामदासराव ओरडले, "वेल्स अजून स्पर्धेत आहे!" तर एक सहकारी समजूत पटल्यासारखा म्हणाला, "हो, गेनाऊ, बरोबर, इंग्लंडचा तो छोटा भाग." मग वेल्सने बेल्जियमला हरवलं. यांनी पेढे वाटले. ते कशाचे, हे कोणालाच कळलं नाही.

त्याच दिवसांत आमच्या मराठीच्या वर्गात त्यांनी मुलांच्या आईबापांना एक हकीकत सांगितली. एकेकाळी वेल्सच्या शाळांत जो मुलगा आपली भाषा बोलेल, त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. मग तो दुसऱ्या कोणाला पकडून पाटी त्याच्या गळ्यात घाली, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला छड्या. रामदासरावांना वाटलं, आता लोक हळहळतील. श्यामकांत म्हणाले, "आल्झो, तर मग, कल्पना चांगली आहे. आपल्या वर्गात जर्मन बोलणाऱ्या पोरांना घालूया." रामदासराव वर्ग सोडून निघून गेले, आणि त्या दिवशी तरी मला त्यांचं शंभर टक्के पटलं.

उपान्त्य सामन्यात वेल्स पोर्तुगालकडून हरलं, तो मी त्यांच्याच घरी पाहिला. टीव्ही बंद झाला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी वेल्सच्या डोंगरांचा, आणि खाली रामदासराव सुतक असल्यासारखे बसलेले. अशा वेळी त्यांना कापेल केलिन हटकून आठवतं. ते वेल्समधलं एक खेडं. शाळा, प्रार्थनाघर, पोस्ट, थोडी घरं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून धरण बांधलं आणि एकोणीसशे पासष्टमध्ये खेडं त्याखाली बुडवलं. गावकरी मुलाबाळांसकट लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा घेऊन गेले होते. कोणी ऐकलं नाही.

"माणसं कबरीतून आपली मेलेली माणसं काढून घेऊन गेली, विभावरीताई," रामदासराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"पापा, दास हास्ट डू शोन एर्त्सेल्ट," त्यांची मुलगी प्राची सोफ्यावरून फोनमध्ये बघत म्हणाली. हे तुम्ही आधी सांगितलंय, असं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं.

अरुणा उठून स्वयंपाकघरात गेली. कंटाळली असेल, असं मला वाटलं, कारण मीही कंटाळले होते. मी तिच्या मागे गेले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुझं माहेर कुठलं गं?"

"इंदापूरकडचं एक गाव. आता नाहीये ते."

"नाहीये म्हणजे?"

"उजनी धरणाखाली गेलं. मी लहान होते." तिने आधण ठेवलं. "नदीच्या बाजूला आमची वस्ती होती, म्हणजे सगळ्यांत आधी आम्ही बुडालो. आणि नव्या गावठाणात जागा मिळाली तीही कडेलाच."

बाहेर रामदासराव मोर्चाचा जुना व्हिडिओ शोधत होते. "अहो, हे ऐकलंत का," असं मी ओरडणार होते, पण अरुणाने मान हलवली. काय म्हणावं? कुठल्या तरी लांबच्या परक्या मुलखातलं बुडालेलं गाव या माणसाला घरासकट पाठ, आणि जिच्या हातचा चहा पितो तिचं गाव कुठे गेलं ते ठाऊक नाही.

सप्टेंबरात श्यामकांतांनी बैठकीत जाहीर केलं, की मंडळाच्या तळघरात गणपतीच्या मखराला जागा नाही. यंदा खुर्चीवर कोणी बसलं नाही, तर ती श्पेरम्युलला. म्हणजे लोक नको असलेलं सामान रस्त्यावर ठेवतात आणि नगरपालिकेची गाडी येऊन ते चिरडून नेते, त्यात. स्पर्धाही बंद. हे रामदासरावांना सांगायचं काम अर्थातच सचिवाचं.

ते म्हणाले, "लाकूड जाईल तर जाईल. न आवडलेल्या कवितेला मी खुर्ची देणार नाही."

मी अरुणाला फोन केला. "हे शेवटचं वर्ष आहे. या वेळी नाही तर कधीच नाही."

"पाठवलीय," ती म्हणाली.

कविता वाचून मी किती तरी वेळ स्वयंपाकघरातच बसून राहिले. बुडालेल्या गावाची कविता होती. गावाचं नाव कुठेच नाही. शेवटी लिहिलं होतं,

गाव बुडालं तेव्हा कुठे
दोन विहिरींचं पाणी एक झालं.
प्यायला मात्र
दोन्हीकडचं कोणी उरलं नव्हतं.

ऑक्टोबरात संमेलन झालं. चर्चचं सभागृह भाड्याने घेतलं होतं. बटाटेवडे झाले, नाच झाले, आणि रामदासराव नवा कोट घालून मंचावर आले. खुर्ची मधोमध. पहिल्या ओळीत श्यामकांत इस्त्रीच्या कुडत्यात. मागे चहाच्या टेबलापाशी अरुणा.

"यंदा," रामदासराव म्हणाले आणि थांबले. "यंदा खुर्ची आहे!"

काय टाळ्या पडल्या! मी मागे वळून अरुणाकडे पाहिलं. तिने हातातला डाव खाली ठेवला होता.

"ही कविता 'उंबर' यांची आहे," ते पुढे म्हणाले. "मी त्यांना मागे म्हणालो होतो की त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. मी माझे शब्द मागे घेतो. कवीने गावाचं नाव घेतलेलं नाही, पण ज्याने इतिहास वाचलाय त्याला ते पहिल्याच ओळीत ओळखू येतं. हे कापेल केलिन आहे! वेल्सचं दुःख एका मराठी माणसाने इतकं आतून लिहावं, याचा मला अभिमान वाटतो. त्या दोन विहिरी पाहा. त्या दोन विहिरी म्हणजे दोन भाषा. वेल्श आणि इंग्रजी."

मला ओरडावंसं वाटलं. मी पुण्याच्या सदाशिव पेठेतली, दोन विहिरींचं गाव मी फक्त पुस्तकात वाचलेलं. तरी मला कळलं. ज्याला आडनावाने जन्मभर चटके दिले, त्या माणसाला दोन विहिरी ओळखू येऊ नयेत? इतकं काय ते वेल्स डोळ्यांत भरून ठेवायचं!

"'उंबर'!" रामदासरावांनी पुकारलं. कर्ण्याऐवजी श्यामकांतांच्या मुलाने सनईची रेकॉर्ड लावली. "'उंबर' सभागृहात असतील तर उभं राहावं!"

अरुणा उभीच होती, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. लोक माना वळवून शोधत राहिले. मग ती टेबलामागून निघाली आणि मधल्या वाटेने चालत पुढे आली. रामदासरावांना आधी वाटलं ती पाणी आणतेय. ती पायऱ्या चढून खुर्चीपाशी उभी राहिली, तेव्हा त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सभागृहात एकच गलका झाला. कोणी शिट्टी मारली. रामदासराव हसू लागले, डोळे पुसू लागले, दोन्ही एकदम. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बेल्जियमला हरवल्यावरही पाहिला नव्हता.

त्यांनी ती पत्र्याची तलवार अर्धी बाहेर काढली. "शांतता आहे का?"

"शांतता!" लोक गरजले.

"शांतता आहे का?"

"शांतता!"

"शांतता आहे का?"

"नाही," अरुणा म्हणाली.

श्यामकांत मोठ्याने हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय. रामदासराव माइक बाजूला करून म्हणाले, "अगं, 'शांतता' म्हणायचं असतं." माइक चालूच होता.

"काय म्हणायचं असतं ते पाठ आहे मला," ती म्हणाली. "पण नाहीये, तर कसं म्हणू?"

"म्हणजे?"

"ते गाव वेल्सचं नाही."

"मग कुठलं?"

"माझं. उजनीखालचं. चावडीजवळची विहीर त्यांची, नदीकडची आमची. त्यात भाषाबिषा काही नव्हतं."

रामदासरावांच्या एका हातात तलवार, दुसऱ्या हातात कवितेचा कागद. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्या चार ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. त्यांना कळलं तो क्षणही दिसला. बघवला नाही.

"तू कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुमचं ते गाव बुडायला लागलं की दर वेळी मी चहा करायला उठते. तुम्हाला वाटतं मला कंटाळा येतो. रडू येतं मला, म्हणून उठते."

तलवार म्यानात सरकून खट्ट वाजली. रामदासरावांनी आधारासाठी मागे हात नेला, हाताला जे लागलं ते धरलं आणि मटकन खाली बसले. खुर्चीवर. जिच्यावर त्यांनी इतक्या वर्षांत एका माणसाला बसू दिलं नव्हतं, त्याच खुर्चीवर.

"अहो, तुम्ही नाही, तिथे त्या बसणार," श्यामकांत खालून कुजबुजले.

रामदासराव दचकून उठू लागले. अरुणाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं आणि माइक आपल्याकडे ओढला.

"बसा तिथेच," ती म्हणाली. "मी उभ्यानं सांगते."